राजेगावची बाघ

"या वर्षी माझ्या वर्गात एकही पोरगं झोपणार नाही!"

मुकुंद वैरागडे सरांनी स्टाफरूममध्ये ही घोषणा केली, तेव्हा इतिहासाचे सर खुर्चीतल्या खुर्चीत दचकून जागे झाले. बाकीच्यांनी चहाचे कप खाली ठेवले. सन दोन हजार आठचा डिसेंबर, बालाघाटची थंडी, आणि सर नुकतेच जबलपूरहून 'अध्यापनात डिजिटल माध्यमे' अशा भारदस्त नावाचं प्रशिक्षण घेऊन आलेले! जाताना भूगोलाचे साधे शिक्षक होते. येताना गळ्यात ओळखपत्र लटकवून आले होते आणि ते काढायचं नावच घेत नव्हते.

"मी ब्लॉग लिहिणार!" सर म्हणाले. "पोरं भूगोल कॉम्प्युटरवर वाचतील. आपण होऊन वाचतील!"

"आपण होऊन?" इतिहासाच्या सरांनी डोळे चोळले. "वैरागडे, तब्येत ठीक आहे ना?"

प्रिन्सिपॉल हिरालाल पटले मात्र हसले नाहीत. शाळेला सरकारकडून कॉम्प्युटर मिळाले होते. ते एका खोलीत फुलाफुलांच्या चादरी पांघरून बसले होते, खोलीला कुलूप होतं, आणि किल्ली पटले साहेबांच्या खिशात होती. पोरं कॉम्प्युटर बिघडवतील हा त्यांचा ठाम सिद्धांत. न वापरल्यानंही ते बिघडतात, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"वैरागडेजी," पटले साहेब म्हणाले, "आप साबित कीजिए कि बच्चे सचमुच पढ़ते हैं. मैं कमरा खोल दूँगा. नहीं तो जनवरी से उसमें टूटी बेंचें रखवा रहा हूँ."

"मंजूर!" सर म्हणाले. छाती फुगली आणि ओळखपत्र दोन इंच वर आलं.

बोलून तर बसले, पण मनातून सरांना धाकधूक होती. इतकी वर्षं शिकवत होते, की पहिल्या बॅचची पोरं आता पालक होऊन भेटायला येत, आणि त्यांची पोरं सरांच्या तासाला बापासारख्याच जांभया देत. ती कॉम्प्युटरची खोली उघडली असती तर निदान निवृत्त होण्याआधी एकदा तरी पोरांचे डोळे उघडे पाहायला मिळाले असते. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोला मात्र ते आपोआप माहीत होतं.

मुलगी मधुवंती शिकायला नागपूरला गेल्यापासून तिचा कॉम्प्युटर घरी मोकळाच होता. सर त्याच्यापुढे असे बसले, जणू पूजेलाच बसले आहेत. पहिला धडा कोणता? सरांनी आधीच ठरवून टाकलं होतं. बाघ नदी! बालाघाटहून गोंदियाला निघालं की राजेगावाजवळ आपण हिचाच पूल ओलांडतो. अलीकडे मध्य प्रदेश, पलीकडे महाराष्ट्र, मधून ही वाहते. नकाशात नाव आहे, पुस्तकात मात्र अर्धी ओळसुद्धा नाही! रविवारी पोरांना पुलावर न्यायचं, नदी दाखवायची, पाण्यात उभं करून शिकवायचं.

आता हिंदीत बाघ म्हणजे वाघ, हे बालाघाटात शेंबड्या पोरालाही माहीत. पण सरांच्या डोक्यात नदी इतकी भरली होती, की तिथे वाघाला शिरायला जागाच नव्हती.

शिवाय जबलपूरच्या प्रशिक्षणात ऋता मॅडमनी शिकवलं होतं, "पहिल्याच ओळीत सगळं सांगू नका. वाचकाची उत्सुकता ताणा!" सरांनी ती इतकी ताणली, की 'नदी' हा शब्द थेट दुसऱ्या पानावर गेला. पहिल्या पानावर सरांनी एक एक अक्षर शोधत, एका बोटानं लिहिलं ते असं:

"इस रविवार, राजेगाव में बाघ! डरिए मत, पास आइए. यह बाघ दो राज्यों के बीच घूमती है. बरसात में इसकी भूख देखने लायक होती है. इसकी छोटी-छोटी सहेलियाँ रास्ते में साथ हो लेती हैं. सुबह दस बजे पुल पर आइए, आराम से देखिए!"

"फोटो पाहिजे," सर म्हणाले. त्यांनी इंटरनेटवर बाघ शोधली. नदीचा एकही फोटो सापडला नाही. समोर आले ते सगळे पट्ट्यापट्ट्यांचे, मिश्यावाले, जबडा वासलेले!

त्यांच्या पत्नी मीनाक्षीबाई मागून डोकावल्या. "अहो, हे काय लावून राह्यले तुम्ही? नदीच्या धड्यात वाघ?"

"नावाला शोभतो ना! पोट्ट्यायचं लक्ष वेधून घ्यावं लागते. तुले नाही समजणार, हे डिजिटल हाय."

मीनाक्षीबाईंना खरोखरच समजलं नाही. त्या पोळ्या करायला निघून गेल्या.

सरांनी डोळे मिटून बटण दाबलं आणि कोपऱ्यातल्या आकड्याकडे पाहत बसले. ब्लॉग किती वेळा उघडला गेला, हे तो आकडा सांगत असे. संध्याकाळपर्यंत तो सातवर गेला. त्यातले सहा सर स्वतः. सातव्या मीनाक्षीबाई, त्याही पोळी तव्यावर टाकून आलेल्या.

दुसऱ्या दिवशी सर पडलेल्या चेहऱ्यानं बसस्टँडजवळच्या प्रेमलालच्या सायबर कॅफेत गेले. प्रेमलाल सरांचा जुना विद्यार्थी. भूगोलात नापास, पण सरांवर जीव!

"सर, इतकंच ना? मी जाहिरात करतो तुमच्या ब्लॉगची!" असं म्हणून त्यानं पहिलं पान रंगीत छापलं आणि बसस्टँडकडच्या काचेवर चिकटवलं. दुसरं पान छापायच्या आत त्याच्या प्रिंटरची शाई संपली. "पहिलंच बस्स हाय," प्रेमलाल म्हणाला. "जबरदस्त दिसते!"

जबरदस्तच दिसत होतं. वाघ काचेतून सरळ राजेगावच्या बसवर गुरकावत होता.

दुसऱ्या दिवशी सरांनी ब्लॉग उघडला आणि त्यांच्या हातातला चहा सांडला. आकडा शंभराच्या वर! दुपारी दोनशे! सर घरभर नाचले. लोक पहिलं पान उघडत, वाघ पाहत, आणि शेजाऱ्याला सांगायला धावत. दुसऱ्या पानापर्यंत जायला सवड कोणाला? सरांना मात्र वाटलं, सगळा जिल्हा भूगोलाला लागला!

तुम्ही म्हणाल, राजेगावच्या लोकांना आपल्या नदीचं नाव माहीत नव्हतं का? होतं ना! पण घरच्या नदीला नावानं हाक कोण मारतं? ती नुसती 'नदी'. आणि कान्हाचं जंगल जिल्ह्यालाच लागून, त्यामुळे वाघ कुठेही निघू शकतो, हा विश्वास पक्का. बरं, 'बाघ घूमती है' वाचून कोणाला तरी शंका यायला हवी होती. पण मराठी माणूस हिंदीत बाईचा पुरुष आणि पुरुषाची बाई करतो, हे इथे सगळेच गृहीत धरून चालतात. ज्यांनी गृहीत धरलं नाही, ते म्हणाले, वाघीण आहे! आणि सरांनी उपनद्यांना म्हटलेल्या 'छोटी-छोटी सहेलियाँ' म्हणजे तिची पिल्लं!

संध्याकाळी सर भाजी घ्यायला गेले, तर भाजीवाल्या पुनारामनं तराजूच खाली ठेवला.

"सरजी, राजेगावले बाघ हाय म्हणते. खरं हाय का?"

"खरं म्हणजे? जन्मापासून तिथंच हाय ते!"

"जन्मापासून! मंग आमाले काहून नाई दिसली?"

"पाहणाऱ्याले दिसते, पुनाराम. लोक पुलावरून भुर्रकन जातात, खाली कोणी पाहतच नाही."

"पुलाखाली राह्यते?" पुनारामचा आवाज बसला. "लय मोठी हाय?"

"पावसाळ्यात पाहा, अक्राळविक्राळ! आता हिवाळ्यात वाळली बिचारी."

"वाळली म्हणजे भुकेली असन."

सर मनापासून हसले. केवढी सुंदर कल्पना! "हौ, भूक तर लय! मागच्या साली काठावरच्या दोन झोपड्या गिळल्या."

"अगा मायवं! अन् मानसं?"

"मानसं आधीच पळाले, म्हणून वाचले."

"अन् तुम्ही तिथं पोट्टे घेऊन चालले?"

"दुरून पाहून काय समजते? मी तर एकेकाले तिच्यात उभं करणार हावो!"

पुनारामनं सरांकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी लढाईवर निघालेल्या माणसाकडे पाहतात. त्यानं पिशवीत भाजी टाकली, वर कोथिंबिरीची अख्खी जुडी टाकली आणि पैसे घेतले नाहीत. गुरुजनांबद्दलचा आदर अजून शिल्लक आहे, या विचारानं सरांचे डोळे पाणावले.

शनिवारी दिवेलागणीला फोन वाजला. राजेगावहून मीनाक्षीबाईंच्या मामी, शेवंताबाई बोलत होत्या. म्हणजे ओरडत होत्या. फोन नसता तरी ऐकू आलं असतं.

"जावईबापू! उद्या इकडं येऊ नोका! गावात वाघीण आली!"

"काय?" सर ताडकन उभे राहिले. "कोणी पाह्यली?"

"पिल्लं बी हायेत म्हणते संगं! ढोरं घरात बांधली, धानाची चुराई-मळणी बंद पडली. बाया नदीवर जाऊन नाई राह्यल्या. दोन दिसाचे कपडे तसेच पडले!"

"मामी, पण पाह्यली कोणी?"

"बालाघाटच्या कोण्या मोठ्या सायबानं कम्पूटरवर पाह्यली म्हणते!"

सरांनी कपाळाला हात लावला. कॉम्प्युटरवर! म्हणजे उपग्रह! आकाशातून फोटो आला असणार! भूगोलाच्या माणसाला एवढं कळायला वेळ लागत नाही.

"मीनाक्षी, गजब झाला. राजेगावले खरोखरची वाघीण निघाली. आणि उद्या माझे पोरं तिथं!"

मीनाक्षीबाईंच्या कपाळावर आठी पडली. "अहो, पण तुमचीबी तर बाघच हाय ना? तो फोटो…"

"माझी नदी हाय! त्याचा याच्याशी काय संबंध?" असं म्हणून सरांनी थेट वनविभागाला फोन लावला.

तिकडे दोन दिवस कोणी ना कोणी ही वाघीण कळवत होतं, आणि खुणा काहीच सापडत नसल्यानं ती अफवा ठरली होती. पण आता सरकारी शाळेतल्या ज्येष्ठ शिक्षकाचा खणखणीत आवाज आला: "मी जबाबदारीनं बोलतो आहे. वैरागडे, भूगोल. राजेगावात वाघीण आहे, पिल्लंही आहेत. उपग्रहावरून दिसलं आहे. उद्या तिथं शाळेची मुलं जाणार आहेत. काही झालं तर?"

एवढं ऐकल्यावर कोणतं खातं बसून राहील?

रविवारी सकाळी सर पोरांना वाटेतूनच परत पाठवायच्या इराद्यानं स्कूटरवर निघाले. मागे मीनाक्षीबाई बसल्या होत्या. राजेगाव जवळ येऊ लागलं आणि सरांनी ब्रेक दाबला. रस्ता दिसत नव्हता! बैलगाड्या, सायकली, ट्रॅक्टर, जीपा. बालाघाटचे लोक, किरनापूरचे लोक, पलीकडून गोंदियाचेसुद्धा, आणि मध्ये कुठे तरी सरांच्या वर्गातली पोरंही. आधी बंद घरात बसलेलं गावही आता पाहुण्यांची गर्दी बघून बाहेर आलं होतं. चणे-फुटाणेवाले आले होते. फुगेवालाही आला होता. वाघिणीला फुगा कोण घेऊन देणार होतं, कोण जाणे!

पुलाच्या तोंडाशी वनविभागाची जीप, जीपमागे लोखंडी पिंजरा, आणि पिंजऱ्यात एक बकरी. तिच्याइतका उदास चेहरा सरांनी फक्त परीक्षेच्या दिवशी पाहिला होता. पटले साहेबही आले होते. गाडीच्या काचा अगदी वरपर्यंत चढवून, आत घामाघूम.

"तुम्हीच वैरागडे?" तरुण रेंजर पुढे आला. नाव अनुराग, राहणारा नागपूरकडचा, पहिलीच नेमणूक. डोळे झोपेविना लाल. "काल फोन तुमचा होता ना? वाघीण नेमकी कुठे आहे?"

"मला काय माहीत? बालाघाटच्या कोणी तरी साहेबानं पाहिली."

"त्या साहेबाचा कागद आहे माझ्याकडे. बसस्टँडच्या काचेवर होता." अनुरागनं खिशातून घडी काढली आणि उलगडली. "यावर नाव आहे. हेही वैरागडेच. नातेवाईक का तुमचे?"

सरांनी कागद पाहिला. जबडा वासलेला वाघ. "डरिए मत, पास आइए." खाली स्वतःचं नाव.

त्या क्षणी सरांना नदीत उडी टाकावीशी वाटली. पण डिसेंबरातली बाघ, पाणी जेमतेम गुडघाभर. तीही सोय नव्हती! अफवा पसरवली म्हणून निलंबन, पेन्शनची वाताहत, पेपरात फोटो, तोही वाघाशेजारी, हे सगळं एका दमात डोळ्यांपुढून गेलं.

"मीनाक्षी," ते पुटपुटले, "वाघीण मीच हावो."

"समजलं मले," मीनाक्षीबाई म्हणाल्या. रागावल्या नाहीत, हेच जास्त भीतीदायक होतं. "आता सांगून टाका साऱ्यायले. पुलावर पाहा किती जमले. कोणी पडलं तर जन्मभर झोप नाही यायची तुमाले."

सरांनी पाहिलं. खरंच, कठड्याला लोक खेटून उभे होते, पोरं खांद्यावर घेऊन वाकून बघत होते. सरांनी अनुरागच्या जीपमधला भोंगा घेतला आणि जीपच्या पायरीवर चढले. जेवढं सुचलं तेवढंच म्हणाले. नदीकडे हात केला आणि ओरडले:

"ये देखो! ये रही बाघ!"

झालं! एकच किंकाळी उठली! अर्धे लोक डावीकडे पळाले, अर्धे उजवीकडे, आणि दोन्ही अर्धे पुलाच्या मधोमध एकमेकांवर आदळले. फुगे फुटले. फुगे फुटले म्हणून लोकांना वाटलं, गोळीबार सुरू झाला! एक बाई कठड्याकडे ढकलली गेली, कडेवर लेकरू.

भोंगा कुठे पडला ते कळलं नाही. सरांनी पोटातून आवाज काढला. इतकी वर्षं मागच्या बाकापर्यंत पोचवलेला तो आवाज.

"बैठ जाओ! सब के सब! जो जहाँ है, वहीं बैठ जाओ!"

आणि काय आश्चर्य! पूल खाली बसला. म्हणजे पुलावरचे लोक. पहिला बसला तो प्रेमलाल, त्याच्यामागे त्याच्या बॅचचे सगळे. दोन हवालदार बसले. एक ट्रॅक्टरवाला स्टिअरिंगवर हात ठेवून जागच्या जागी आक्रसला. पटले साहेब गाडीत होते, तेही सीटखाली सरकले. लेकरू घेतलेली बाई कठड्याला पाठ लावून बसली आणि लेकरू खुदकन हसलं. कोणाला खरचटलंही नव्हतं.

पाण्याचा आवाज येऊ लागला.

"ऐका," सर म्हणाले. "वाघीण नाही. कधीच नव्हती. मी नदीबद्दल लिहिलं होतं. ही आपली नदी. हिचं नाव बाघ आहे. फोटो मी लावला. चूक माझी. तुमची कामं बंद पडली, माफ करा."

सरांना वाटलं, आता दगड येणार. तेवढ्यात पुलाच्या टोकाकडून शेवंताबाईंचा आवाज आला:

"अगा मा! नदी! अन् मी नदीच्या भेवानं नदीवर धुणं नाई नेलं!"

हसू तिथून निघालं आणि पुलावरून लाटेसारखं पलीकडे महाराष्ट्रात पोचलं. लोक एकमेकांना टाळ्या देत होते, डोळे पुसत होते. अनुराग तर जीपचं चाक धरून खालीच बसला.

"साहेब, माझ्यावर कारवाई करणार?" सरांनी विचारलं.

"कारवाई?" अनुरागनं सरांचा हात दोन्ही हातांत धरला. "सर, खरं सांगू? माझी पहिलीच वाघीण होती. रात्रभर आईचा चेहरा डोळ्यांपुढे येत होता! मी लिहितो, गैरसमज झाला, दूर झाला. फक्त पुन्हा असं नको."

त्यानं पिंजरा उघडला. बकरी बाहेर आली, अंग झटकलं आणि वळूनही न पाहता घराकडे निघाली.

आता एवढे लोक आलेच होते, तर परत कसे पाठवायचे? "सर, मग शिकवा ना!" प्रेमलाल ओरडला. सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरले. त्यांच्यामागे पोरं उतरली, मग पोरांचे बाप उतरले. नदी कुठून येते, पुढे वैनगंगेला कशी मिळते, एकाच काठाची माती का खाते, दुसऱ्या काठाला का आणून टाकते, हे सरांनी पाण्यात उभं राहून सांगितलं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, "मंग माह्या वावराचा धुरा, काठावरचा बांध, दरसाल काहून तुटते?" सरांनी त्याला वाळूवर काडीनं वळण काढून दाखवलं. म्हातारा बराच वेळ त्या वळणाकडे बघत उभा राहिला. एकानंही जांभई दिली नाही. सरांनी दोनदा नीट पाहिलं.

पटले साहेबांनी काच खाली केली. "वैरागडेजी, कल आकर चाबी ले जाइए. जिस चीज़ को पढ़कर इतने लोग आ गए, वो बच्चे भी पढ़ लेंगे."

परतताना सर स्कूटरवर गुणगुणत होते. छातीवरचा दगड उतरला होता, थंडीसुद्धा गोड लागत होती.

"मंग पुढचा धडा कोणता?" मागून मीनाक्षीबाईंनी विचारलं.

"रामपायलीची नदी. कालच लिहून टाकला! आकडा वाढून राह्यला होता ना, राहवलं नाही."

"कोणती नदी?"

"चंदन."

मीनाक्षीबाईंनी मागून सरांचा खांदा घट्ट धरला.

"वरती काय लिहिलं तुम्ही?"

सरांनी स्कूटर कडेला घेतली. "'रामपायली में चंदन, सबके लिए!'" ते हळूच म्हणाले. "अन् खाली लिहिलं, थैली घेऊन या. गोटे जमा करायला, पण ते दुसऱ्या पानावर."

त्यानंतर ती स्कूटर ज्या वेगानं बालाघाटात शिरली, त्या वेगानं ती नवी असतानाही कधी धावली नव्हती. देवाची कृपा, गावात सकाळपासून लाइट नव्हती. सर कॉम्प्युटरपुढे घामाघूम बसून राहिले आणि लाइट येताच पहिल्या झटक्यात मथळ्यात 'नदी' हा शब्द दोनदा घातला. मग गाढ झोपले.

सोमवारी सकाळी पटले साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. टेबलावर कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली ठेवली. मग इकडेतिकडे पाहून, पुढे झुकून अगदी दबक्या आवाजात विचारलं:

"वैरागडेजी, शनिवार रात को मैंने भी आपका ब्लॉग खोला था. वो रामपायली वाला… थैली कितनी बड़ी लाऊँ?"